अंतरपाटाचा फोटो

थोरलीच्या लग्नात इथला तमिळ फोटोग्राफर त्यांच्या रीतीप्रमाणे ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायची वाट बघत राहिला आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा लेन्स पुसत होता. तेव्हापासून आमच्या ह्यांनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या विद्याधररावांनी, डोक्याला ताप करून ठेवला. धाकट्या शर्मिष्ठेच्या लग्नासाठी सात फोटोग्राफर घरी बोलावले. प्रत्येकासमोर मी आणि शर्मिष्ठा चादर धरून उभ्या. हे मंगलाष्टक म्हणायचे, आम्ही चादर सोडायची, त्याने फोटो काढायचा. सहा जण चुकले. सातवा, तांबरमचा मुरुगेसन, तेवढा पास झाला.

आज अल्बम आला. मुरुगेसनने क्षण अचूक पकडलाय. अंतरपाट नुकताच सुटलाय, नवरदेव हसतोय आणि शर्मिष्ठेच्या तोंडासमोर, मुरुगेसनला ‘आता, आता’ म्हणून खुणावणारा ह्यांचा हात आहे.