शोभाताईचा वाटा

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. भित्र्या माणसाला अनोळखी कान बरे वाटतात.

मी भिवंडीजवळच्या कोन गावचा. आमची शेती गेली म्हणून हळहळू नका — आम्हीच विकली, गोदामवाल्यांना, हसत हसत. भिवंडीच्या आजूबाजूला आता भात कमी आणि पत्र्याची गोदामं जास्त. मी स्वतः अशाच एका गोदामात सुपरवायझर आहे. लोकांनी ऑनलाइन मागवलेली खोकी इकडून तिकडे करतो. तेवढ्यावर गावात माझी ख्याती — याला मोबाइलमधलं सगळं कळतं! चहावाला काय, लूमवरचे कारागीर काय, सगळे स्कॅन करून पैसे देऊ-घेऊ लागले, तेव्हा अर्ध्या गावाला ते मीच शिकवलं. मग क्रिप्टो आलं तेव्हा लोक कोणाला विचारणार?

आणि मला कितपत कळत होतं? नाव घेण्यापुरतं. कल्याणला एका हॉलमध्ये मीटिंग होती. कोटातला एक माणूस सांगत होता, उद्याचा पैसा बँकेच्या हातात नसेल, तुमच्या-आमच्या हातात असेल. त्याने स्वतःचंच एक कॉइन काढलं होतं. जेवण उत्तम होतं. इतर कॉइन बाजारात विकता येतात, याचं फक्त याच्याच ॲपमध्ये दिसतं — एवढा फरक मला तिथेच दिसायला हवा होता. दिसला नाही. पण तो मूर्खपणा झाला. मूर्ख तर गावात पुष्कळ ठरले. त्यासाठी मी हे सांगायला बसलेलो नाही.

जमीन विकायची तर आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात — बापाच्या जमिनीत माझं काही नाही, म्हणून. भाऊ साडी घेतो, हॉटेलात जेवायला घालतो, विषय संपतो. पण बाबांनी जाण्याआधी मला बजावलं होतं, सही घे, पण शोभाला तिचा वाटा पैशात दे. आम्ही दोघंच भावंडं. शोभाताई मोठी, अकलोलीला दिलेली. तिथल्या गरम कुंडांवर माणसं येतात, त्यांना उतरायला घराशेजारी दोन खोल्या बांधायच्या, हे तिचं लग्नापासूनचं वेड. सही केली आणि साठवलेल्या पैशांतून तिने लगेच जोतं घालून घेतलं. भिंती वाटा मिळाल्यावर.

आता इथे — इथे मला थांबावंसं वाटतंय.

विसाराचे पैसे सौदा ठरतानाच, सह्यांच्या आधी आले होते. त्यातला माझा भाग मी सगळा त्या कॉइनमध्ये घातला होता. आकडा रोज वाढायचा. काढायला गेलो की एकच उत्तर, 'प्रक्रिया सुरू आहे'. कोटवाला फोन उचलेना. खात्यात काही येत नव्हतं, पण ॲपमधल्या ॲपमध्ये एका सभासदाचे कॉइन दुसऱ्याला पाठवता येत होते. लक्षात आलं तुमच्या? माझ्याही आलं. फार पटकन आलं.

सही झाल्यामुळे जमिनीचे सगळे पैसे माझ्याच खात्यात जमा झाले होते. मी अकलोलीला गेलो, ताईच्या मोबाइलवर ॲप टाकलं, माझे अडकलेले कॉइन तिच्याकडे ढकलले आणि तिचे खरे पैसे स्वतःकडे ठेवले. म्हणालो, हा तुझा वाटा, आता नुसता वाढताना बघ. भावोजी पुटपुटले, एफडी बरी होती. ताईने त्यांनाच गप्प केलं. "माजा भाव हाय तो. तो काय मना बुडवल?"

मी चहा पीत होतो. संपवला आणि आणखी अर्धा कप मागितला.

ॲप पुन्हा नीट चालेल, तिचंही भलं होईल, असं मला वाटलं होतं का? ही पळवाट मी बरेच दिवस वापरली. नाही — मला ठाऊक होतं.

ॲप बंद पडलं. गावात बोंबाबोंब झाली. मला अन्न जाईना — पकडला जाईन या भीतीने. बायकोला वाटलं, पैसे बुडाल्याचा धक्का. तिने ताईला कळवलं. ताई डबा घेऊन आली, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण. माझ्यासमोर बसली. "माजा गेला तं गेला रं. तुजा तं माज्यापेक्षा जास्त गेला. तू जेव आधी."

मला रडू फुटलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी फिरवू दिला. सांगायची वेळ तीच होती ना? तोंडात घास होता. मी पोटभर जेवलो.

पैसे ढकलले ते वाईट की ते जेवण वाईट? मला तर त्या जेवणाची जास्त लाज वाटते.

पुढे मी घरावर मजला चढवला. विचारणाऱ्यांना सांगितलं, थोडे वाचले होते. वास्तुशांतीला पहिला दिवा ताईच्या हातून लावून घेतला, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. अकलोलीच्या जोत्यावर अजून भिंत उभी राहिलेली नाही. ती त्यावर मिरच्या वाळवते. मी गेलो की मिरच्या बाजूला सारून मला चटई टाकून देते.

ती कोनला येते तेव्हा वरच्या खोलीत झोपते. वारा छान येतो म्हणते. ती खोली तिच्याच पैशांची आहे. सकाळी ती पाहुण्यासारखी चादरीची घडी करून उशाशी ठेवते आणि माझं लाइटबिल वाढू नये म्हणून पंखा बंद करून खाली येते.