छप्पर नसलेलं घर

घरांचे नकाशे काढायला बसलं की घरं उभी राहायची तेव्हा राहतात, किस्से मात्र पहिल्या भेटीपासून जमायला लागतात. मुरबाडच्या स्टँडजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. मी प्लॅन काढते, माझा पार्टनर नीलेश कॉम्प्युटरवर थ्री-डी करतो. चहाला बसलो की एकानं सुरुवात करायची खोटी, दुसऱ्याला पुढचा आठवतोच.

धसईचे भोईरकाका. भातशेती करणारे, सरळ माणूस. प्लॅन बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "घर बरं हाय. पण छप्पर नाय."

मी म्हटलं, "काका, हे वरून बघितलेलं आहे. छप्पर काढून."

"बांधायच्या आधीच काढलं?"

बोलून काही जमेना. शेवटी काकूंकडून मसाल्याचा डबा मागवला आणि झाकण काढून पुढ्यात ठेवला. "हे झाकण म्हणजे छप्पर. आता वाट्या दिसतात ना? त्या खोल्या."

काका डब्यात वाकले, मग प्लॅनवर, परत डब्यात. हळूहळू चेहरा उजळला. माझा जीव भांड्यात पडला.

"समजलं," ते म्हणाले. "मंग देवघर हळदीच्या वाटीत करा."

भातसानगरचे एक साहेब धरणाच्या नोकरीतून रिटायर झालेले. आल्या आल्या म्हणाले, "मला समजावू नका. आख्खी नोकरी ड्रॉइंग बघण्यात गेली." आम्हाला हायसं वाटलं. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं, चष्मा काढला.

"सगळं व्यवस्थित आहे. फक्त पाण्याची पातळी दाखवलेली नाही."

मी नीलेशकडे बघितलं. त्यानं शांतपणे निळं पेन घेतलं आणि गच्चीवरच्या टाकीत एक आडवी रेघ मारली.

"आता बरोबर," म्हणून साहेबांनी सही केली.

एकदा मात्र उलटं झालं. सिद्धगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या दोघा भावांना नवं घर बांधायचं होतं. नीलेश लॅपटॉप घेऊन गेला, थ्री-डी लावला. भाऊ खूश. त्यांची म्हातारी आई मागून येऊन बघत राहिली.

"ह्यो पोर्च कुठं येतोय?"

नीलेशनं बोट ठेवून दाखवलं.

"आणि माझा फणस?"

फणस तोडायचा हे भावांनी आईला सांगितलंच नव्हतं. तिनं पहिल्याच नजरेत ओळखलं. आमच्या आजवरच्या धंद्यात ड्रॉइंग एवढं स्पष्ट कुणालाच समजलेलं नाही.

पोर्च आम्ही दुसऱ्या बाजूला घेतला. पुढच्या वेळी आजींनी स्वतःच चहा आणून दिला आणि नीलेशला सांगितलं, "झाडाला फणस लागलेले पण दाखव."

शहापूरजवळच्या वंदनाताईंनी आमचा सगळ्यात जास्त घाम काढला. त्या अंगणवाडीत मदतनीस, मिस्टर रिक्षा चालवतात. लग्नापासूनची वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेली, आता पहिलं स्वतःचं घर. दर प्लॅनला त्या म्हणायच्या, "तुमी केलंय म्हंजे बरंच असंल," आणि चेहरा पडलेला. मिस्टर आम्हाला बाजूला घेऊन सांगायचे, "तिला पसंत नाय. पण काय ते सांगत नाय."

न आवडलेल्या घरात ही बाई जन्म काढणार, या विचारानं मला चैन पडेना. मग आम्ही चुन्याच्या फक्कीची गोणी घेऊन त्यांच्या जागेवर गेलो आणि जमिनीवर आख्खं घर पांढऱ्या रेघांनी आखलं. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या.

वंदनाताई पुढच्या दाराशी आल्या, थांबल्या. चपला बाहेर काढून आत गेल्या. हॉलमधून किचनमध्ये. ओट्याच्या जागी उभं राहून हात हलवून पाहिले. खिडकी कुठं, विचारलं. मी दाखवली.

"इकडं नको. तिकडं करा. पोरं शाळेतनं येताना रस्ता दिसला पायजे."

एवढंच अडलं होतं! नीलेशनं त्या बाजूला खिडकीची खूण केली आणि आम्ही दोघांनी इतक्या दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात मिस्टर काहीतरी सांगायला पलीकडून सरळ किचनकडे चालत आले. वंदनाताईंनी हात आडवा केला.

"अवो, भिंतीतनं कुठं येता? दारातनं या."

ते मागे फिरले, वळसा घालून पुढच्या दाराशी गेले आणि चपला काढल्या.