ताप कुणाच्या घरचा

जगातल्या यच्चयावत जंतूंना आडनावानं ओळखणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजींची तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, पण तिथं ते सोयरीक जुळवायला बसल्यासारखे बसतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि विचारायचं, "कुनाचा रं तू?" जांभळा रंग धरतो ती एक भावकी, गुलाबी होतो ती दुसरी. त्यात पुन्हा गोल आणि दांडके. "घोसानं ऱ्हानारे गळवं करत्यात, माळंनं ऱ्हानारे घसा धरत्यात. टीबीवाला मेनाचं घोंगडं पांघरून बसतो, त्याला साधा रंग चढत न्हाई. मेव्हनं, मानसं खोटं बोलतील, खानदान न्हाई." हे ते मला पंगतीत, पानात जिलेबी पडत असताना सांगतात. एकदा मला नको त्या जागी गळू झालं, तर दाजींनी भरल्या मांडवात जाहीर केलं, "ह्यांना जरा कडंनं बसू द्या, घोसवाल्यांनी धरलंय." त्या गावात मला अजूनही न विचारता उशी देतात.

त्यांच्या या वेडाला आम्ही हसायचो, ते आई आजारी पडेपर्यंत. ताप संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं साडी भिजवून उतरायचा, आठ दिवस गायब व्हायचा आणि पुन्हा यायचा. टायफॉइड म्हणून दोनदा औषधं झाली. दोन महिन्यांत आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, आणि मी, घरातला कर्ता म्हणवणारा, थर्मामीटर झटकण्यापलीकडे काही करत नव्हतो. दाजी आले ते थेट गोठ्यात गेले, आणि परत येऊन आईच्या उशाशी बसले.

"आत्या, तांबडी गाय गाभडली का?"

आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "न्हाई."

"मग वासरू कुठंय?"

आईनं पांघरूण तोंडावर ओढलं. मी उगाच थर्मामीटर झटकू लागलो, कारण मला माहीत होतं. गाय आईच्या माहेरची, पाथर्डीकडून मामानं हौसेनं पाठवलेली. सातव्या महिन्यात तिनं गाभ टाकला, वार पोटातच अडकली, ती आईनं हातानं ओढून काढली आणि मला बजावलं, "कुनाला बोलू नको. माझ्या भावाच्या गाईला नावं ठेवतील."

"आत्या," दाजी आवाज उतरवून म्हणाले, "ह्या जंतूचं नाव ब्रुसेला. त्यो गाईचा गाभ पाडतो, तिथनं मानसात येतो, अन् टायफॉइडचं सोंग घेतो. पर औषध येगळं लागतं. तुमी बोलला न्हाई, तर मी डॉक्टरला काय सांगू?"

आईनं पांघरूण खाली केलं आणि म्हणाली, "वार हातानं काढली मी."

रक्ताची वेगळी तपासणी झाली, ब्रुसेलाच निघाला. दीड महिना औषधं चालली आणि ताप गेला तो गेलाच. दाजी मात्र एवढ्यावर थांबणारे नव्हते. मामाच्या घरात लेकरंबाळं, तिथंही दूध-गोठा आलाच. म्हणून त्यांनी स्वतः जाऊन मामाला सगळी जनावरं तपासून घ्यायला सांगितलं. मामानं जनावरं तपासून घेतली, पण "जावयानं येऊन आमच्या गोठ्याला नाव ठिवलं" हे काही त्याच्या मनातून गेलं नाही. त्यानं फोन बंद केला, येणंही बंद केलं.

भाऊबीजेला आई ओवाळणीचं ताट तयार करून ओसरीवर बसली होती. दुपार कलली तेव्हा दाजींची मोटरसायकल आली. त्यांनी पिशवी पुढं केली. "मामा वाटंत भेटले. गडबडीत हुते. म्हनले, साडी तेवढी पोचवा."

आईनं साडी उलगडली. पोपटी अंग आणि त्यावर केशरी कमळं. मामाला साडीतलं काही कळत नाही, पण असली साडी त्यानंही उचलली नसती. आईनं दाजींकडं पाहिलं. दाजी बराच वेळ चपला काढत होते.

"रंग बरा हाय," आई म्हणाली, आणि नेसून आली.

दिवस मावळल्यावर बीजेची कोर दिसली, तशी ती ताट घेऊन अंगणात गेली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. आईनं ओवाळताना मामाचं नाव घेतलं. वारा होता. दाजी निरांजनाला दोन्ही हातांचा आडोसा धरून शेजारी उभे राहिले.