कंटाळा येतो, असं मी म्हणाले

"विमानात ह्यांच करता मां गो ता? लोकांची उष्टी काढता."

मागच्या दाराशी कुणीतरी म्हणालं आणि दोन-तीन बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. मी माजघरात उभी होते. डाव्या हातावर केळीची चार उष्टी पानं एकावर एक रचलेली, उजव्या हाताने पाचवं पान ओढलेलं. ते पाचवं पान ज्या पाहुण्यांचं होतं, ते अजून जेवत होते. भाताचा शेवटचा घास सोलकढीत कालवायला त्यांनी बोटं खाली नेली, तर पान जागेवर नव्हतं.

परवा बाजारात केळीच्या पानांच्या गठ्ठ्यावर कुणी पाणी शिंपडलं. त्याच्या हिरव्या, ओलसर वासाबरोबर ते माजघर पुन्हा समोर उभं राहिलं. गोवा नुकताच मोकळा झाला होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी विमानात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि आठ दिवसांची रजा काढून काकांकडे मालवणला आले होते. घरी सत्यनारायण होता. पंगतीचा आमच्याकडचा नियम साधा आहे: सगळ्यांत वडील माणूस उठेपर्यंत कुणी उठायचं नाही आणि पंगत उठल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. बसलेल्या माणसापुढून पान ओढणं म्हणजे त्याला जेवणावरून उठवणं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हातांना दुसरीच सवय लागली होती. विमान उतरायला वीस मिनिटं उरली की मागून पुढे जायचं, ज्याचं खाणं थांबल्यासारखं दिसेल त्याचा ट्रे उचलायचा, डाव्या हातावर रचायचा, हसायचं आणि पुढच्या खुर्चीशी वाकायचं. त्या दुपारी मदत करावी म्हणून मी पंगतीच्या टोकाशी गेले आणि माझे हात मला न विचारता कामाला लागले.

पाहुणे चांगले होते. "रवांदे गो, माझां जेवान झालां," म्हणाले. काकींनी घाईने दुसरं पान आणून मांडलं. पण मागच्या दारचं ते वाक्य मी ऐकलं होतं. मालवणी मला बोलता येत नसे, समजायचं मात्र सगळं. मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला ते समजत नसणार, असं सगळ्यांनी धरून चालायचं, आणि मीही तो समज कधी मोडला नाही. न समजल्यासारखा चेहरा करून राहिलं की बोलावं लागत नाही.

खरं तर त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मी लोकांची उष्टी काढत होते. त्याबरोबर चघळायच्या गोळ्यांचा आणि कानात घालायच्या कापसाचा ट्रे फिरवत होते, पोटात ढवळलेल्यांच्या हातातली कागदी पिशवी घेऊन तिचं तोंड दुमडत होते, तीच चार वाक्यं त्याच आवाजात दिवसातून चारदा म्हणत होते. ही कामं कंटाळवाणी होती. पण आमचं डाकोटा विमान जमिनीवर असताना शेपटीवर टेकून बसलेलं असायचं. आतली जमीन तिरकी, पुढे जायचं म्हणजे चढ चढायचा. माझी बैठक सगळ्यांत मागे, दाराशी. तिथून मला माणसांची फक्त डोकी आणि खुर्चीच्या दांड्यांवरचे हात दिसायचे. विमान धावायला लागलं की शेपटी उचलली जाई, पायांखालची जमीन हळूच सपाट होई, आणि त्या क्षणी सगळी डोकी एकदम गप्प होत. शेठजींचे अंगठ्या घातलेले हात, पहिल्यांदा आईबापांपासून लांब निघालेल्या मुलीचे हात, सगळे दांडी सारख्याच जोराने धरत. मग चाकांचा खडखडाट थांबे. तेव्हा माझ्याकडे कुणाचंही लक्ष नसे आणि मी सगळ्यांकडे बघू शकत असे. शेकडो वेळा ते पाहूनही दर वेळी माझा श्वास अडकायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायला बरं वाटलं असतं, असंही मनात यायचं.

आणि त्याच दुपारी कुणीतरी विचारलं.

जेवणं आटोपल्यावर काका पडवीत सुपारी कातरत बसले होते. काकांनी वीस वर्षं मालाच्या बोटींवर काढली होती. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान चुलत बहीण, बसली होती. माझ्याच कंपनीत मुली भरायच्या होत्या. अर्जाचा कागद मीच मुंबईहून तिच्यासाठी आणला होता. तिने तो सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. खाली पालकांची सही तेवढी राहिली होती. शनिवारच्या सकाळच्या टपालाने तो निघाला तरच मुदतीत पोचणार होता. काकी विरुद्ध होत्या. "पोटच्या चेडवाक असल्या कामाक धाडतलास?" असं त्यांचं काकांना, मला ऐकू जाईल इतपतच हळू, विचारून झालं होतं. काकांचं ठरत नव्हतं.

"गो, एक इचारू?" काका म्हणाले. "सदांचा वर जावचा नि खाली येवचा. माका दर्याचो कंटाळो धा वर्सांनी इलो. मगे उरलेली धा वर्सां नुसती काढलंय. तुका येता काय कंटाळो? खरां सांग."

एका प्रवाशाने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. आजवर त्या घरात माझ्या कामाबद्दल कुणी इतक्या बरोबरीने बोललं नव्हतं. पण आत बायका भांडी घासत होत्या आणि माझे कान अजून जळत होते. त्या कामावर माझा जीव आहे असं म्हटलं, तर मागच्या दाराशी पुन्हा हसू फुटेल, एवढंच मला दिसलं. मी भिंतीकडे बघत, शाळेत कमावलेल्या त्या थंड आवाजात म्हणाले, "येतो ना. सगळं तेच तेच. सहा महिन्यांत कंटाळा येतो."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "आयकलंस मां?" ते मुलीला म्हणाले. "हिका शिकलेल्या चेडवाक सहा म्हयन्यांत कंटाळो इलो. तुका कितके दिस लागतले?"

"आयकलंय, बाबा," ती म्हणाली. रडली नाही. अर्ज घडी करून तिने फळीवरच्या डब्याखाली सरकवला. संध्याकाळी विहिरीवर मी पोहरा ओढत असताना तिने एकदाच विचारलं, "ताई, तुका खरांच कंटाळो येता?" मी पाण्याकडे बघत "हं" म्हणाले.

मधला एक दिवस गेला. शनिवारी सकाळी टपालाची पिशवी मोटारीच्या टपावर चढताना मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिली. तोवर नुसतं घरात जाऊन चार शब्द बोलले असते तरी चाललं असतं. मोटार वळणाआड गेली. मग मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सगळ्यांत जास्त लाज मला आजही त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच वाटते.

पुढच्या वर्षी पुन्हा मुली भरल्या, पण तोवर ती वालावलला सासरी गेली होती. तिचं बरं चाललं आहे. घर मोठं, माणसं चांगली. आम्ही भेटतो, तेव्हा ती माझ्या नोकरीबद्दल काही विचारत नाही. मी अजून उडते. विमानं बदलली, आताच्या विमानाची शेपटी जमिनीला टेकत नाही, उभं राहिलं तरी आतली जमीन सपाटच असते. पण चाकांचा आवाज थांबतो तेव्हा अजूनही माणसं गप्प होतात आणि माझाही श्वास अडकतो. एखादी गोष्ट रोज केल्याने तिचा कंटाळा येतो का, या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. ते तेव्हाही माझ्याकडे होतं.

टपाल गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला परतायचं होतं. आगबोट खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत होडीने जायचं. काका माझी ट्रंक घेऊन बंदरावर आले होते. होडीला अजून माणसं भरायची होती. वाळूवर उभं राहून मी म्हणाले, "काका, त्या दुपारी मी खोटं बोलले. मला कंटाळा येत नाही. एक दिवससुद्धा आला नाही."

काकांनी ट्रंक वाळूवर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, "मगे दोन दिस गप कित्याक रवलंस गो?"

होडीवाला हाका मारायला लागला होता. मी चपला हातात घेतल्या, पाण्यात दोन पावलं गेले आणि मागे वळले.

"मला माझ्या कामाची लाज वाटली, काका. मी तिचा विचारच केला नाही."