हळदीतले गालिचे

शहापुरात आमचं गोदाम आहे. लोकांचा माल आम्ही भाडं घेऊन सांभाळतो. नणंदेच्या हळदीला नवऱ्याने मुरबाडच्या एका व्यापाऱ्याचे नवेकोरे गालिचे काढून मांडवात अंथरले. "एक रात अंथरले तर काय झिजत नाय," तो म्हणाला. लाल रंग मीच निवडला.

आमच्याकडे हळदीच्या आवतणातून कुणाला वगळत नाहीत, म्हणून ते त्या व्यापाऱ्यालाही गेलं होतं. तो आला. मांडवाच्या कडेला थबकून त्याने खाली पाहिलं. मग चपला काढून हातात घेतल्या, नवरीला आहेर दिला आणि न जेवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकीत नवऱ्याचं एकच पालुपद. "साहेब, एक पण विकला नाय. सगळे परत ठेवलेत."

हवालदार वैतागला. "सांभाळायला दिलेला माल स्वतःसाठी वापरलात, तिथंच गुन्हा झाला."

नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही. जावा म्हणतात, हळदीला येऊन केस करणारा माणूसच नीच. त्यांना गप्प करावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडाने बोलू? त्या गालिच्यांवर आम्ही सगळे चपला घालून नाचलो होतो. काढल्या त्या फक्त त्याने.