लिंबाच्या नादी लागलेल्या माश्या

“मॅडम, उद्या दुकानात माशी दिसली तर मी औषधच फवारनार!” रखमाबाई रसवंतीच्या टेबलावर हात आपटत म्हणाल्या.

भाऊसाहेब शेजारी मान खाली घालून उभे होते. शेवगाव रस्त्याला त्यांचं बियाण्याच्या कांद्याचं शेत. पीक फुलावर आलं होतं. मधमाश्यांनी या फुलावरचे परागकण त्या फुलावर नेले नाहीत, तर बी भरत नाही. म्हणून त्यांनी आमच्या मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने घेतल्या. माश्या मात्र शेत सोडून रसवंतीवर. औषध मारलं असतं, तर माश्याही गेल्या असत्या आणि बियाणंही.

“तुमच्या माश्याच बिघडल्यात,” भाऊसाहेब पुटपुटले.

मला राग आला. माश्या बिघडत नाहीत, शिकतात.

मी एक लिंबू कापून दूर बांधावर ठेवलं. उसाचा रस नाही, साखर नाही. तरी माश्या आल्या आणि जीभ काढून शोधू लागल्या. गोड मिळालं की माशीच्या मेंदूत ऑक्टोपामाईन नावाचं रसायन सुटतं. त्या वेळी जो वास असेल, तो ‘चांगला’ म्हणून लक्षात राहतो. रखमाबाई उसाच्या रसात लिंबू पिळायच्या.

“थोडे दिवस लिंबू बंद ठेवा.”

“लिंबाबिगर रस कोन पेनार?”

“आलं जास्त घाला.”

कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकलं. यंत्राला जाळी लावली, चिपाडं लांब नेऊन पुरली. मी गार झालेल्या साखरेच्या पाकात कांद्याची फुलं भिजवली आणि तो पाक पेट्यांमध्ये ठेवला. आता गोडाला कांद्याच्या फुलाचा वास होता. नव्याने बाहेर पडणाऱ्या माश्या सरळ शेतात जाऊ लागल्या. पुढे बी चांगलं भरलं.

काही म्हाताऱ्या माश्या मात्र रसवंतीवरच यायच्या. पक्की झालेली आठवण सहजासहजी जात नाही.

पेट्या न्यायला गेले, तेव्हा रसवंतीच्या मागे दगडावर एक बशी दिसली. बशीत लिंबू पिळलेला रस.

“म्हाताऱ्या हायेत वो त्या,” रखमाबाई ओशाळून म्हणाल्या. “एवढ्या लांबून येत्यात. उपाशी कशा धाडू?”

यानं माझ्याच शिकवणीवर पाणी पडत होतं. पण मला भरून आलं. मी बशी तशीच राहू दिली.

तेव्हापासून पेट्या ठेवण्याआधी मी जवळपास रसवंती आहे का, ते विचारते. असलीच, तर तिथे कोण बसतं, तेही.