भीती विचारायला गेले तेव्हा

नगरच्या स्टँडवरून पाथर्डीची एस.टी. सुटली आणि भिंगार मागे पडल्यावर हिरवा रंग जवळजवळ संपलाच. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा अजून तोंडाशीच होता, तरी करंजी घाटातले डोंगर भाजलेल्या खापरासारखे दिसत होते. मी पुण्याच्या एका इस्पितळात प्रसूतिविभागात परिचारिका. बाळंतपणाच्या वेळी बायकांना कसली भीती वाटते, याचा अभ्यास आमच्या विभागाने हाती घेतला होता, आणि खेड्यातल्या बायकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते फारसं अवघड नसेल, अशी माझी समजूत होती.

तिसगावला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला. पाथर्डीच्या पुढे एका फाट्यावर कंडक्टरने मला उतरवलं आणि गाव आत आहे म्हणून सांगितलं. किती आत, ते सांगितलं नाही. ट्रंक डोक्यावर घ्यावी की काय या विचारात असताना मागून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर हुसेनभाई नगरचे, पन्नाशीचे, दाढी पांढरी.

"नर्सबाई का? बसा. माझी फेरी तिथंच हाय," ते म्हणाले.

गावाबाहेर दुष्काळी काम चाललं होतं. बायका ओळीने बसून खडी फोडत होत्या. दुपारी सुकडी (कामावर वाटतात तो भाजलेल्या पिठाचा गोड भुगा) वाटली गेली, तेव्हा मी त्यांच्यात जाऊन बसले आणि माझा प्रश्न विचारला. सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "भ्यायचं काय त्यात? पोटात आलं ते भायेर यायचंच."

कौसल्या नावाची एक जण मात्र हसली नाही. दिवस भरत आलेली, विशीबाविशीची पोर. सुकडी पदरात तशीच ठेवून ती पुन्हा हातोडा मारू लागली.

माझी राहायची सोय तिच्याच घरी झाली होती. तिचा नवरा ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. घरात सासू साळूबाई आणि ती, दोघीच. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, तिखट पेज) जेवले. पाणी इतकं जपून वापरायच्या की हात धुतलेलं पाणीही शेळीपुढे जाई.

जेवणानंतर मी कौसल्येचं पोट तपासलं. बाळाचं डोकं वर होतं, पाय खाली. घरी बाळंतपण करणं धोक्याचं होतं. मी साळूबाईंना तसं सांगितलं.

"मावशी, हिला उद्याच पाथर्डीच्या दवाखान्यात न्यायला हवं."

साळूबाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. शेजाऱ्याची बैलगाडी ठरवून आल्या. कौसल्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

सकाळी गाडी दारात उभी राहिली आणि कौसल्या घरात नव्हती. ती खडीवर सापडली, कालच्याच जागी, जणू काही ठरलंच नव्हतं. साळूबाई चिडल्या. "दवाखान्याला भितीय. मागल्या खेपेचं पोर गेलं तरी अक्कल न्हाई," म्हणाल्या. त्यांना मी घरी पाठवलं आणि कौसल्येजवळ दगडावर बसले.

"दवाखान्याची भीती वाटते का गं?"

"न्हाई."

"मग कशाची?"

तिने आणखी एक दगड फोडला. मग हातोडा खाली ठेवला. "मागल्या वरसाला ऊस तोडून माघारी येत हुतो. वाटंतच पोट दुखाया लागलं. रांगंत गाड्या, मागं गाड्या, म्होरं गाड्या. थांबवाच म्हनलं तर बैल थांबंनात. गाडीतच झालं. रडलंच न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "बाई, मी दवाखान्याला न्हाई भीत. गाडीला भिती. त्या चाकाच्या आवाजाला. पन गाडीला कोन भितंय? सांगाया लाज वाटती."

गावात बैलगाडीखेरीज वाहन नव्हतं. तेवढ्यात टँकरची घरघर ऐकू आली.

"त्यात बसशील?" मी विचारलं.

तिने टँकरकडे नीट पाहून घेतलं. "व्हय," म्हणाली.

हुसेनभाईंनी आडात पाणी सोडलं, बायकांच्या घागरी भरल्या, तोवर मी त्यांना सगळं सांगितलं. ते घाबरले. "वाटंत काही झालं तर?"

"मी आहे ना."

"तुमी हाव. पन तिथं मी गडी मानूस बी आसनार ना," ते म्हणाले आणि दार उघडलं.

साळूबाईंना घरून बोलावून घेतलं आणि केबिनमध्ये आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो. अर्ध्या वाटेवर कौसल्येला कळा सुरू झाल्या आणि त्याच सुमारास इंजिनातून वाफ येऊ लागली. टँकर थांबला. रेडिएटर कोरडा, आणि मागची टाकी गावाच्या आडात रिकामी करून आलेली. पाण्याचा टँकर पाण्यावाचून अडला होता. साळूबाईंच्या मांडीवर कौसल्येसाठी घेतलेली पाण्याची कळशी होती. त्या ती सोडायला तयार नव्हत्या. कौसल्येनेच त्यांच्या हातातून कळशी काढून घेतली. "आत्याबाई, मला नगं. त्याला पाजा," म्हणाली. इंजिन निवल्यावर हुसेनभाईंनी ते पाणी ओतलं आणि आम्ही पाथर्डी गाठली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. आधी पाय आले, मग अंग, आणि डोकं अडलं. मी वरून पोट दाबत होते. माझे हात गार पडले होते. मग डोकं निसटलं. मुलगी निळसर, निपचित. डॉक्टरीणबाईंनी तिचं नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. कौसल्या छताकडे बघत होती. आणि पोरगी रडली. आधी मांजरासारखी, मग दवाखाना डोक्यावर घेतल्यासारखी.

साळूबाई व्हरांड्यात बसकण मारून रडू लागल्या. हुसेनभाई अजून गेले नव्हते. पायाळू (पायाकडून जन्मलेलं) मूल जमिनीखालचं पाणी ओळखतं, असं या भागात मानतात. ते म्हणाले, "आता ही पोरगी गावाला पानी दावनार. माझी फेरी बंद झाली म्हना." साळूबाई रडता रडता हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी कौसल्येचा निरोप घ्यायला गेले. मुलगी तिच्या कुशीत दूध पीत होती.

"बाई, काल तुमाला भ्या वाटलं का?" तिने विचारलं.

हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता.

"वाटलं. खूप," मी म्हटलं.

"मला कळलं. तुमचा हात गार पडला हुता," ती म्हणाली. "बरं वाटलं. मला वाटलं, मी एकलीच हाय."

परतीच्या एस.टी.त शेजारी एक म्हातारी बसली होती. कुठून आले म्हणून तिने विचारलं. अभ्यासाबद्दल सांगावं असं मनात आलं, पण म्हटलं, "बाळंतपणाला गेले होते."

"काय झालं?"

"मुलगी."

"आन बाय?"

"दोघी सुखरूप आहेत."

म्हातारीने समाधानाने मान हलवली. सुखरूप हा शब्द मी इस्पितळात रोज उच्चारत असे, नातेवाइकांना सांगून पुढच्या खाटेकडे वळत असे. त्या दिवशी तो सांगून झाल्यावर मला कुठेच वळायचं नव्हतं. मी खिडकीच्या दांड्याला डोकं टेकलं, आणि नगर आल्यावर त्या म्हातारीनेच मला हलवून जागं केलं.